थोड्या वेळात मोठी तयारी : अमेरिकेतील प्रॅक्टिकल नर्स परवाना परीक्षा

रुग्णांचे आणि परिचारिकांचे आश्रयदाते संत कॅमिलस (१५५०-१६१४) तारुण्यात सैनिक होते आणि जुगारात त्यांनी होते नव्हते ते गमावले होते. रुग्णसेवेसाठी धर्मगुरू व्हावे असे त्यांनी ठरविले तेव्हा तिशी उलटून गेली होती. लॅटिन शिकण्यासाठी त्यांना लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसावे लागले. १५८४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

वसई, मुंबई आणि गोव्यातील आपल्या कुटुंबांतून अमेरिकेत गेलेल्या ज्या भगिनी घर, मुले आणि रात्रपाळी सांभाळून पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आहेत, त्यांची आठवण ठेवून आम्ही पुढील माहिती देत आहोत.

परवाना कोणता?

प्रॅक्टिकल नर्स ही नोंदणीकृत परिचारिकेच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करते. कॅलिफोर्निया व टेक्सास या राज्यांत तिला व्होकेशनल नर्स म्हणतात. परवाना राज्याचे परिचर्या मंडळ देते. त्यासाठीच्या परीक्षेचे नाव एनक्लेक्स-पीएन. भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्या भगिनी बहुधा एनक्लेक्स-आरएन ही वेगळी परीक्षा देतात. आपल्या शिक्षणाला कोणती परीक्षा लागू आहे, हे त्या त्या राज्याचे मंडळच ठरविते. म्हणून पुस्तके विकत घेण्यापूर्वी मंडळाकडे विचारणा करावी. कॅनडातील ऑन्टारियो व ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत २०२२ पासून रेक्स-पीएन ही निराळी परीक्षा आहे.

परीक्षेचे स्वरूप

एप्रिल २०२३ मध्ये ही परीक्षा नव्या रूपात आली. ती संगणकावर होते. वेळ पाच तास. प्रश्न कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५०. आपण दिलेल्या उत्तरांवरून संगणक पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवितो आणि आपली योग्यता वा अयोग्यता ९५ टक्के खात्रीने ठरली की परीक्षा थांबते. त्यामुळे ८५ प्रश्नांवर थांबली म्हणजे उत्तीर्ण आणि १५० पर्यंत गेली म्हणजे अनुत्तीर्ण, असा अर्थ काढून धीर सोडू नये. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही किंवा मागेही परतता येत नाही. मधली विश्रांती घेतल्यास तो वेळ पाच तासांतूनच जातो.

नव्या रूपात रुग्णाची हकीकत देऊन तिच्यावर सहा प्रश्न विचारले जातात : लक्षणे ओळखा, त्यांचा अर्थ लावा, तातडीचे काय ते ठरवा, उपाय सुचवा, कृती करा, परिणाम तपासा. 'लागू असलेले सर्व पर्याय निवडा' अशा प्रश्नात बरोबर पर्यायाला गुण मिळतो, चुकीचा निवडल्यास गुण वजा होतो. मात्र त्या प्रश्नाचे गुण शून्याखाली जात नाहीत. म्हणून खात्री नसताना सगळेच पर्याय निवडू नयेत.

आधी काय वाचावे?

वेळ कमी असेल तर सर्व पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याचा हट्ट सोडावा. २०२३ च्या आराखड्यात सेवेचा समन्वय या भागाला १८ ते २४ टक्के, सुरक्षितता व संसर्गनियंत्रणाला १० ते १६ टक्के आणि औषधोपचाराला १० ते १६ टक्के वाटा आहे. म्हणजे किमान ३८ टक्के प्रश्न या तीन भागांतले. कोणत्या रुग्णाकडे प्रथम जावे, मदतनिसाला कोणते काम सोपवावे, क्षयरोग्यासाठी कोणती खबरदारी घ्यावी, डिगॉक्सिन देण्यापूर्वी नाडी का मोजावी, या गोष्टी प्रथम पक्क्या कराव्यात. औषधाच्या मात्रेचे गणित रोज एक तरी सोडवावे. उदाहरणार्थ, १००० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आणि १ मिलिलिटरचे १५ थेंब होत असतील, तर मिनिटाला ३१ थेंब.

सहा आठवड्यांचे नियोजन

रोज दीड तास, आठवड्यातून सहा दिवस, असे सहा आठवड्यांत ५४ तास होतात. पाऊण तासात ३० प्रश्न सोडवावेत. उरलेला पाऊण तास त्यांच्या उत्तरांची कारणे वाचण्यास द्यावा. हा दुसरा पाऊण तासच खरा अभ्यास होय. चुकलेल्या प्रश्नासाठी वहीत एक ओळ लिहावी : माहिती नव्हती, की प्रश्न नीट वाचला नाही? पहिले चार आठवडे वरील तीन भागांना, पाचवा प्रसूती, बालक व मानसिक आरोग्य यांना आणि सहावा घड्याळ लावून सोडविलेल्या पूर्ण प्रश्नपत्रिकांना द्यावा.

आणखी एक सूचना. 'आमच्या वॉर्डात असे करतात' हे उत्तर परीक्षेत चालत नाही. तेथे मनुष्यबळ व साहित्य पुरेसे आहे असे धरूनच उत्तर द्यावे लागते. अनुभवी भगिनी नेमक्या येथेच चुकतात.

नावाची काळजी

नोंदणीतील नाव आणि ओळखपत्रावरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. न जुळल्यास केंद्रात प्रवेश मिळत नाही. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर पतीचे, असे नेहमी होते. विवाहाचा सरकारी दाखला वेळीच मागवून ठेवावा.

अपयश आल्यास

साधारणपणे ४५ दिवसांनंतर पुन्हा बसता येते. राज्याचे नियम मात्र पाहावेत. अनुत्तीर्ण उमेदवारास विषयवार अहवाल मिळतो. तो फाडून टाकू नये. पुढच्या तयारीचा नकाशा तोच असतो.

कुटुंबीयांनाही आमची विनंती आहे. तो दीड तास स्वयंपाकघर कोणीतरी दुसऱ्याने सांभाळावे. झोप मोडून केलेला अभ्यास टिकत नाही, आणि रविवारची मिस्सा व विसावा सोडून वाचविलेला वेळही फारसा कामी येत नाही. ही परीक्षा परिचारिकेला अडविण्यासाठी नाही. तिच्या हाती सोपविल्या जाणाऱ्या रुग्णाच्या रक्षणासाठी आहे. त्या अनोळखी रुग्णासाठी आज वही उघडणे हीसुद्धा सेवाच होय. संत कॅमिलस, आमच्या भगिनींसाठी विनंती कर.