वॉटसन हॉटेल: भाडं गोठलं, लोखंड गंजलं

कॅफे शोधत काळ्या घोड्याला गेलात, की एस्प्लनेड मॅन्शनसमोर दोन मिनिटं थांबा. हे एकेकाळचं वॉटसन हॉटेल. याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला, सुटे भाग जहाजाने मुंबईत आले आणि इथे जोडले गेले. म्हणजे आपल्या भाषेत, असेंबल केलेलं! ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला, तो इथेच. तिकीट एक रुपया.

पुढे हॉटेल बंद पडलं. खोल्यांमध्ये वकिलांची ऑफिसं आली, दुकानं आली, बिऱ्हाडं आली. आणि इथे खरी गोम आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. तेव्हा जागेची टंचाई होती, भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण मुदतवाढ मिळत मिळत कायदा पन्नास वर्षं टिकला. महागाई वाढली, भाडं तिथेच. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, इमारत तुमची, पैसे मी का घालू? दोघांचंही बरोबर, म्हणून तर गुंता सुटत नाही! १९६९ मध्ये सरकारने सेस लावून दुरुस्ती मंडळ काढलं, पण इमारती एकोणीस हजारांहून जास्त होत्या.

२००५ मध्ये वॉटसनचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर उरलेल्या भाडेकरूंना बाहेर पडावं लागलं. त्यातले बरेचसे वकीलच होते.