ठेवायचे की काढायचे?

"पिशवी तर काढायचीच आहे, बाई. पण अंडाशय ठेवायचे की तेही काढायचे, ते परवापर्यंत सांगा." एवढे बोलून डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटकडे वळल्या. मी बेचाळीस वर्षांची, मॅट्रिकपुढे कॉलेज न पाहिलेली मास्तरीण. कादंबरीतल्या बायकांचे निकाल मी बसल्या बैठकीला लावते; माझा स्वतःचा काही लागेना. शेवटी मेडिकलला असलेल्या पुतणीला गाठले आणि विचारले, "हे अंडाशय काढण्याचे खूळ निघाले तरी कुठून ग?"

तिने मला थेट अमेरिकेत नेले. जॉर्जिया राज्यातल्या रोम नावाच्या गावी, 17 ऑगस्ट 1872 रोजी, रॉबर्ट बॅटी या डॉक्टराने पाळीच्या विकाराने गांजलेल्या एका तरुणीचे दोन्ही अंडाशय काढले. गाठीसाठी नव्हे, पाळीच बंद पडावी म्हणून! ती दगावली तर डॉक्टराला फासावर लटकवायला बाहेर जमाव उभा होता, अशी दंतकथा सांगतात. ती जगली. त्याच उन्हाळ्यात जर्मनीत हेगारने आणि इंग्लंडात लॉसन टेटने असाच प्रयोग केला होता. मग काय विचारता! पोटदुखी, फेफरे, उन्माद, कशावरही हाच उतारा. त्या बायकांना कोणी "परवापर्यंत सांगा" म्हटले असेल का, कोण जाणे.

1896 मध्ये व्हिएन्नाच्या क्नाउअरने सशिणींचे अंडाशय काढून त्यांच्याच अंगात दुसरीकडे रुजवले, आणि गर्भाशय सुकले नाही. म्हणजे अंडाशयातून रक्तात काहीतरी उतरत होते. 1929 मध्ये ते द्रव्य, इस्ट्रोन, शुद्ध स्वरूपात हाती आले.

माझ्या रोगाचे वर्णन 1921 मध्ये ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसनने केले. गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर उगवते. पाळीबरोबर तेही रक्ताळते. अंडाशयात चॉकलेटी रक्ताच्या गाठी होतात. या एंडोमेट्रिऑसिसला खतपाणी घालते ते अंडाशयाचेच द्रव्य. मग काढून टाकावेत, हे ओघानेच आले.

बाल्टिमोरच्या 138 बायकांचा 1995 चा हिशेब पुतणीने वहीत मांडला. पिशवी काढून अंडाशय ठेवलेल्या 29 जणींपैकी 18 जणींचे दुखणे उलटले, 9 जणींवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. दोन्ही काढलेल्या 109 जणींत हेच आकडे 11 आणि 4. मी म्हटले, "झाले तर मग, काढू!" तिने पान उलटले. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांच्या 2009 च्या पाहणीत, पिशवीबरोबर अंडाशयही गेलेल्यांत अंडाशयाचा कर्करोग कमी, पण हृदयविकार आणि एकंदर मृत्यू अधिक दिसले. शिवाय हाडे ठिसूळ होतात ती वेगळीच. औषधातून इस्ट्रोजेन घेता येते. पण माझ्या आईला हृदयविकारानेच नेले.

डावा अंडाशय गाठीने पोखरलेला होता, उजवा धड. "डावा काढा, उजवा राहू द्या," मी सांगितले. दुखणे उलटू शकते, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आणि माझ्याकडून कागदावर तसे लिहूनही घेतले.

त्याला आता अकरा महिने झाले. यंदा चकल्यांचा सोऱ्या मीच फिरवला. उजव्या कुशीत मधूनच एखादी बारीक कळ येते. तारीख मी वहीत मांडून ठेवते.