इस्लामची पाच धर्मकर्तव्ये : शेजाऱ्याच्या श्रद्धेची ओळख

ईट हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील गाव. याच तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे, जिल्ह्यात तुळजाभवानीचे देवस्थान आहे आणि धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांचा दर्गा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. येथील अनेक मुस्लिम कुटुंबे घरी दखनी आणि शेतात, बाजारात मराठी बोलतात.

अशा परिसरात राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला इस्लामचे दर्शन घडते ते बहुधा उरूस, संदल आणि मोहरमच्या सवाऱ्या यांतून. या प्रथा जुन्या आणि लोकप्रिय असल्या तरी त्या इस्लामची मूळ कर्तव्ये नव्हेत. त्यांच्याविषयी मुस्लिम धर्मपंडितांतही मतभेद आहेत. मूळ कर्तव्ये पाच आहेत. ती बव्हंशी गाजावाजाविना पार पडतात, म्हणून शेजाऱ्यांच्या नजरेतून निसटतात. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपल्याला दिलेली आहे. ती पाळावयाची तर त्याच्याविषयीचे सत्य आपल्याला ठाऊक असले पाहिजे. त्या हेतूने हा परिचय देत आहोत.

या पाच कर्तव्यांना 'अर्कान' म्हणजे स्तंभ म्हणतात. त्यांच्या मुळाशी 'नियत' असते. नियत म्हणजे मनातील संकल्प. देवासाठी करीत आहे हा हेतू नसेल, तर बाह्य कृती कितीही बिनचूक असली तरी ती उपासना ठरत नाही.

१. शहादा

अल्लाहखेरीज कोणी उपास्य नाही आणि मुहंमद हे त्याचे प्रेषित आहेत, अशी ही साक्ष. ती श्रद्धेने व समजून उच्चारणारा मुस्लिम गणला जातो. नवजात बालकाच्या कानी अजान दिली जाते, तिच्यात ही साक्ष असते आणि मृत्युशय्येवरील माणसाच्या ओठी हेच शब्द यावेत अशी आप्तांची इच्छा असते. 'अल्लाह' हा केवळ मुसलमानांचा शब्द नव्हे; अरबी भाषक ख्रिस्ती भाविकही परमेश्वराला याच शब्दाने हाक मारतात.

२. नमाज

दिवसातून पाच वेळा नमाज फर्ज, म्हणजे अनिवार्य आहे : पहाटे फजर, दुपारी जोहर, तिसऱ्या प्रहरी असर, सूर्यास्तानंतर मगरिब आणि रात्री इशा. उभे राहणे, झुकणे आणि दोनदा कपाळ भूमीला टेकणे अशा एका आवर्तनास 'रकात' म्हणतात. पाचही वेळांच्या फर्ज रकाती अनुक्रमे २, ४, ४, ३ व ४, म्हणजे एकूण १७ होतात.

नमाजापूर्वी 'वजू' करावी लागते. तिच्यात हात, तोंड, नाक, चेहरा आणि कोपरापर्यंत बाहू धुऊन ओला हात डोक्यावरून फिरवतात व घोट्यापर्यंत पाय धुतात. पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीने 'तयम्मुम' करण्याची मुभा आहे. मुख मक्केतील काबागृहाकडे असते; आपल्या भागातून ती दिशा पश्चिमेची, किंचित उत्तरेकडे कललेली आहे.

शुक्रवारी दुपारी जोहरऐवजी सामुदायिक जुम्याची नमाज होते. तिच्यात खुत्बा, म्हणजे प्रवचन, आणि दोन रकाती असतात. नमाजाचे नेतृत्व करणारे इमाम हे आपल्यासारखे दीक्षाविधीने अभिषिक्त झालेले धर्मगुरू नव्हेत. इस्लाममध्ये सांक्रामेंत नाहीत. रीत जाणणारा कोणीही पात्र पुरुष जमातीचे नेतृत्व करू शकतो. दिवसाला प्रार्थनेची चौकट देण्याची कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. मठांतील प्रहरांच्या प्रार्थना आणि सकाळ, दुपार व संध्याकाळी होणारा देवदूताच्या प्रार्थनेचा घंटानाद यांमागे हीच दृष्टी आहे.

३. जकात

जकात म्हणजे ऐच्छिक भिक्षा नव्हे. ते संपन्नांच्या धनावरील गरिबांचे देणे आहे. ठरावीक मर्यादेहून अधिक बचत एक चांद्रवर्ष जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, द्यावा लागतो. ही मर्यादा जुन्या मापाने साडेसात तोळे (सुमारे ८७ ग्रॅम) सोने किंवा साडेबावन्न तोळे (सुमारे ६१२ ग्रॅम) चांदी अशी मानतात. तिचा लाभ कोणाला द्यावा याचे आठ वर्ग कुराणाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहेत. त्यांत निर्धन, कर्जबाजारी आणि अडचणीत सापडलेले प्रवासी येतात.

शेतमालासाठी इस्लामी विधिशास्त्रात 'उश्र'चा नियम आहे : पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग आणि कष्टाने वा खर्चाने पाणी देऊन आलेल्या पिकाचा विसावा भाग. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागातील वाचकाला यातील न्याय सहज उमगेल. पाण्यासाठी ज्याला झिजावे लागले, त्याच्यावरील भार निम्मा केला आहे. आपल्या दशांशाच्या परंपरेशी याचे साम्य उघड आहे.

४. रोजा

रमजान हा इस्लामी वर्षाचा नववा महिना. चंद्रदर्शनानुसार तो २९ किंवा ३० दिवसांचा असतो. पहाट फुटल्यापासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी आणि वैवाहिक संबंध वर्ज्य असतात. खोटे बोलणे व निंदा यांपासून दूर राहणे हेही रोजाचे अंग आहे. पहाटेपूर्वीच्या भोजनास सहरी व सूर्यास्ताच्या उपवास सोडण्यास इफ्तार म्हणतात. आजारी माणसे, प्रवासी, गरोदर व स्तनदा माता यांना सवलत असते आणि राहिलेले रोजे नंतर भरून काढावे लागतात. मासिक पाळीत स्त्रिया रोजा ठेवत नाहीत. तेही दिवस पुढे भरून काढतात. जे कधीच उपवास करू शकणार नाहीत, त्यांनी त्याबदली गरिबाला जेवू घालावे.

चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. २०२० साली भारतात तो २५ एप्रिलला, भर उन्हाळ्यात सुरू झाला. टाळेबंदीमुळे मशिदी बंद होत्या आणि त्याआधी १२ एप्रिलला आलेला आपला पुनरुत्थानाचा सण आपणही घरीच साजरा केला होता. २०२५ साली रमजान २ मार्चला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला आला; दोन्ही समाज एकाच वेळी उपवासात होते.

५. हज

शरीराने व पैशाने समर्थ असलेल्या मुस्लिमाने आयुष्यात एकदा मक्केची यात्रा करावी. कर्ज डोक्यावर ठेवून, घरच्यांना उपाशी सोडून जाणे अपेक्षित नाही. जाण्यापूर्वी देणी फेडण्याची आणि परिचितांची क्षमा मागण्याची पद्धत आहे. आपल्या दारी असा यात्रेकरू आल्यास त्याचा अर्थ ओळखावा.

पुरुष दोन बिनशिवणीची पांढरी वस्त्रे धारण करतात, त्यामुळे श्रीमंत-गरीब भेद दिसत नाही. काबागृहाभोवती सात प्रदक्षिणा, सफा व मरवा या टेकड्यांदरम्यान सात फेऱ्या आणि जिल्हज महिन्याच्या नवव्या दिवशी अराफातच्या मैदानावरील प्रार्थना हे हजचे मुख्य विधी आहेत. पूर्वी महाराष्ट्रातील यात्रेकरू मुंबईहून बोटीने जात. हा सागरी प्रवास १९९५ मध्ये बंद झाला.

दहाव्या दिवशी बकरी ईद येते. कुर्बानी हा पाच स्तंभांपैकी एक नव्हे. हनफी परंपरेत ती समर्थांसाठी आवश्यक असून ती तीन दिवसांत केव्हाही करता येते. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी कुर्बानी दुसऱ्या दिवसावर ढकलली. धर्मनियमातील सवलतीचा उपयोग शेजाऱ्याच्या भावनेसाठी कसा करता येतो, याचे हे उदाहरण होय.

ख्रिस्तसभेची भूमिका

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र प्रसिद्ध केले. एकाच देवाची उपासना, अब्राहामाविषयीचा आदर, पवित्र मरियेविषयीची भक्ती, तसेच प्रार्थना, दानधर्म व उपवास यांचा उल्लेख करून त्यात मुस्लिमांविषयी आदर व्यक्त केला आहे. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी अबुधाबी येथे मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर स्वाक्षऱ्या केल्या.

भेदही स्पष्ट सांगितले पाहिजेत. कुराणाचा १९वा अध्याय 'मरयम' या नावाने ओळखला जातो. येशूचा कुमारी मरियेपासून झालेला जन्म तेथे मान्य आहे. परंतु इस्लाम येशूला प्रेषित मानतो, देवाचा पुत्र मानत नाही; त्रैक्य आणि क्रुसावरील मरण त्याला मान्य नाही. आपल्या श्रद्धेचा हा गाभा असल्याने तो झाकून मैत्री साधता येणार नाही, आणि तो सांगण्यासाठी वैर धरण्याचीही गरज नाही.

व्यवहारात काही साधी पथ्ये पाळावीत. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नये. मशिदीत पादत्राणे काढून जावे. रोजेदाराला दिवसा खाण्यापिण्याचा आग्रह करू नये आणि इफ्तारचे निमंत्रण आल्यास जावे. भ्रमणध्वनीवर मुस्लिमांच्या धर्माचरणाविषयी एखादा संदेश आल्यास तो पुढे पाठवण्यापूर्वी शेजारच्या मुस्लिम कुटुंबाला त्याविषयी विचारावे.