रहस्यपटाचा आरंभप्रसंग
रहस्यपटाचा आरंभप्रसंग : माहिती हातची राखून प्रेक्षकाची उत्कंठा वाढवणारे, चित्रपटाच्या प्रारंभीचे दृश्य. बोलपटाच्या पहिल्या काळातच, फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मध्ये (१९३१), हे तंत्र पक्व दिसते : टेबलावरचे रिकामे ताट, आईच्या हाका, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा, खून पडद्यावर येतच नाही. चौकटीबाहेरचा आवाज (→ ध्वनिमुद्रण), अपुरा प्रकाश व रेंगाळणारे शॉट (→ संकलन) ही मुख्य साधने. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) तारीख-वेळेच्या पाट्याही पुरतात. मराठी रहस्यपटांत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४, हिंदीत ‘मेरा साया’, १९६६) ठळक. चित्रगृहात उशिरा शिरणाऱ्याचा नेमका आरंभप्रसंगातला दुवा हुकतो. तो पुढे बहुधा पूर्वदृश्याने जोडला जातो.