पित्ताशय काढल्यानंतर पुन्हा पोटात दुखल्यास: आयुष्मान कार्डधारकांसाठी माहिती

पित्ताशय काढले तरी पित्तनलिकेत खडा राहिलेला असू शकतो किंवा नव्याने तयार होऊ शकतो. त्यामुळे पोटाच्या वरच्या भागात पुन्हा दुखू शकते.

लगेच रुग्णालयात कधी जावे?
• थंडी वाजून ताप येणे, डोळे किंवा लघवी पिवळी होणे
• सतत उलट्या होणे, पोट फुगणे, शौच व वायू बंद होणे
• छातीत दडपण, घाम, दम लागणे (हा हृदयविकारही असू शकतो)

अशा वेळी कागदपत्रांसाठी थांबू नका. १०८ वर फोन करा.

जुन्या आजारासाठी कार्ड चालते का?
होय. आयुष्मान भारत योजनेत आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत. आधीची शस्त्रक्रिया स्वखर्चाने केली असली तरी अडचण नाही. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. मात्र रुग्णालयात दाखल होणे आवश्यक आहे. केवळ बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मिळत नाही.

काय करावे?
आयुष्मान कार्ड, जुने डिस्चार्ज कार्ड व सोनोग्राफीचा अहवाल घेऊन अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटा. तुमचा उपचार योजनेत बसतो का, हे ते सांगतील. मंजूर उपचारासाठी पैसे मागितल्यास १४५५५ वर तक्रार करा.