खाजण

भरतीच्या पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खाडीकाठची गाळजमीन. उल्हास नदी कल्याणजवळ भरतीच्या टप्प्यात येते. पुढे डोंबिवली, मुंब्र्यावरून ठाण्याला पोचल्यावर तिचा मोठा प्रवाह वसईच्या खाडीकडे जातो, तर एक चिंचोळा फाटा ठाणे खाडीला मिळतो. या साऱ्या काठाने खाजणे पसरली आहेत.

खाजण ही दलदलच, पण इंग्रजीतल्या 'बॉग'पेक्षा वेगळी. 'बॉग'चे मूळ मऊपणा दाखवणाऱ्या गेलिक शब्दात आहे. ती दलदल गोड्या पाण्यात वनस्पती अर्धवट कुजून तयार होते. खाजणात दिवसातून दोनदा खारे पाणी खेळते. दलदलीचाच दुसरा इंग्रजी शब्द 'क्वॅगमायर' सोळाव्या शतकातला, म्हणजे पायाखाली हलणारा चिखल. पुढे त्याला न सुटणाऱ्या अडचणीचाही अर्थ आला. आपल्याकडेही कर्जात बुडालेला माणूस गाळातच जातो.

प्रत्यक्षातला गाळ मात्र माणसे जगवतो. त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात. निवट्या, चिंबोऱ्या, कालवे, कोळंबी ही याच चिखलाची पैदास, आणि कोळी-आगरी घरांतले कालवण पिढ्यान्‌पिढ्या त्यावर शिजले. आगऱ्यांनी बांध घालून, उघाड्या (पाण्याची दारे) बसवून खाजणातून भातशेती आणि मिठागरे उभी केली. खारेगाव, खारबाव, ठाण्यातला खारटन रोड ही नावे त्याच जमिनीची. अशा जमिनीला 'पडीक' म्हणणे हा तिच्यावर झालेला मोठा अन्याय आहे, कारण त्या एका शिक्क्याने भरावाला वाट मोकळी होते.

१८५४ मध्ये रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचली. पुढच्या काळात वस्ती वाढत गेली आणि काठावर माती, राडारोडा पडत राहिला. भरतीचे आणि पुराचे पाणी पसरायची जागा त्याने आक्रसते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कल्याण परिसर पाण्याखाली गेला, तेव्हापासून तरी हे विसरता येत नाही.

ठाणे खाडीचा १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे इथल्या गाळात चरतात. उल्हासचा डोंबिवली-कल्याणकडचा काठ अभयारण्याबाहेर आहे. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनतोडीला मनाई करणारा जो निकाल दिला, तो जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिथल्या तिवरांनाही लागू आहे.