नागफणी (ड्यूक्स नोज)

नागफणी : सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एक प्रसिद्ध कडा. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, लोणावळा-खंडाळ्याच्या परिसरात कुरवंडे गावाजवळ तो आहे. इंग्रजीत तो ‘ड्यूक्स नोज’ या नावाने ओळखला जातो. खंडाळ्याच्या बाजूने पाहिले की काळ्या बेसाल्टचा हा कडा कोकणाच्या दरीवर पुढे झुकलेला दिसतो. माथा रुंद, पुढचा भाग निमुळता आणि खाली सरळ तुटलेला कातळ, म्हणून फणा काढलेल्या नागाची उपमा इथे सहज सुचते. माथ्यावर महादेवाचे छोटे देऊळ असल्याने स्थानिकांच्या लेखी नाग आणि शंकर यांचा संबंधही या नावात आपोआप जुळला आहे.

इंग्रजी नावातील ड्यूक म्हणजे वेलिंग्टनचा ड्यूक आर्थर वेलस्ली. त्याचे नाक लांब व बाकदार होते. त्यावरून त्याच्या सैनिकांनी त्याला टोपणनावही दिले होते आणि व्यंगचित्रकारांनाही ते नाक आयतेच सापडले होते. महाराष्ट्राला हा माणूस परका नव्हता. वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी तो एप्रिल 1803 मध्ये पुण्यात आला. त्याच वर्षी 23 सप्टेंबरला असईची, नोव्हेंबरात अडगावची लढाई त्याने जिंकली आणि डिसेंबरात गाविलगड घेतला. ड्यूक ही पदवी मात्र त्याला 1814 मध्ये मिळाली. म्हणजे कड्याचे इंग्रजी नाव या स्वाऱ्यांच्या वेळचे नाही, नंतरचे आहे. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, 1863 मध्ये घाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबईचे गोरे लोक हवापालटासाठी खंडाळ्याला येऊ लागले. त्यांच्या नजरेसमोर हा कडा कायम असे.

डोंगराचे नाव ठरवताना इंग्रजांची रीत सगळीकडे एकच नव्हती. आल्प्समधील मॅटरहॉर्नला (4,478 मी.) इटालियनमध्ये चेर्विनो आणि फ्रेंचमध्ये सर्व्हँ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील काही इंग्रजी ग्रंथांत फ्रेंच नाव आढळते. पुढे 1865 मध्ये एडवर्ड व्हिंपरच्या तुकडीने शिखर सर केले आणि इंग्रजीत मॅटरहॉर्न हे जर्मन नावच कायम झाले. तिथे इंग्रजांनी डोंगराखाली राहणाऱ्यांचेच एक नाव उचलले. सह्याद्रीत ते राज्यकर्ते होते आणि त्यांनी काही ठिकाणी आपली नावे लादली. कर्नाळ्याच्या सुळक्याला त्यांनी ‘फनेल हिल’ म्हटले. महाबळेश्वरचा सिंडोला ‘विल्सन पॉइंट’ झाला आणि नाके खिंड ‘केट्स पॉइंट’. आज कर्नाळ्याचे इंग्रजी नाव कोणी घेत नाही, महाबळेश्वरची मात्र मराठी नावेच मागे पडली आहेत. नागफणीची गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे : गावकऱ्यांच्या आणि जुन्या भटक्यांच्या तोंडी नागफणी, तर पर्यटकांच्या आणि हॉटेलांच्या माहितीपत्रकांत ड्यूक्स नोज.

इतिहासाच्या दृष्टीने या कड्याला ड्यूकपेक्षा कितीतरी मोठा संदर्भ आहे. त्याच्या जवळूनच कुरवंडे घाटाची जुनी वाट कोकणात उतरते. मोगल सुभेदार शायिस्ताखानाने पाठवलेला सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन याच वाटेने खाली उतरला आणि 2 फेब्रुवारी 1661 रोजी उंबरखिंडीच्या दाट रानात शिवाजी महाराजांनी त्याला कोंडले. पाण्यावाचून तडफडणाऱ्या सैन्यासह खानाला शरण यावे लागले. त्याच्याबरोबर आलेल्या रायबाघन या मोगलांच्या सरदार स्त्रीने त्याला शरणागतीचा सल्ला दिल्याचे सांगतात. लढाईचे स्मारक पायथ्याशी चावणीजवळ अंबा नदीच्या पात्रात आहे. माथ्यावर उभे राहिले की ही सारी उतरण डोळ्यांखाली येते आणि खानाची फौज कशी अडकली असेल हे नकाशाशिवाय कळते.

माथ्यावर जाण्याची सोपी वाट कुरवंड्याहून आहे. खंडाळ्याच्या बाजूची वाट घळीतून व कातळटप्प्यांवरून चढते, तिथे पावसाळ्यात शेवाळामुळे पाय घसरतो. सरळसोट कड्यामुळे प्रस्तरारोहण, रॅपलिंग आणि दोरावरून दरी ओलांडणे यांसाठी गिर्यारोहण संस्था इथे मोहिमा आखतात. मोहिमांच्या पत्रकांतही हल्ली इंग्रजी नावच ठळक छापलेले असते. मराठी लेखनात, फलकांवर आणि नकाशांत मूळ नाव नागफणी हेच प्रथम द्यावे, इंग्रजी नाव ओळखीपुरते एकदा कंसात पुरे.